कोलेस्टेरॉल उतरले, तरी गोळी चालू का ठेवायची?

प्रश्न (सांगली): मिरजेत अँजिओप्लास्टी करून वडिलांना स्टेंट (हृदयाची धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवला आहे. ताज्या तपासणीत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १३८ वरून ६२ वर आल्यामुळे आता ॲटॉर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी बंद करावी, असे ते म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर १: ताई, आकडा उतरला तो गोळीमुळेच. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करण्यास लागणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) ती रोखते, तेव्हा यकृत आपल्या पेशींवरील ग्राही (एलडीएल पकडणारे रेणू) वाढवून रक्तातले एलडीएल ओढून घेते. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. शिवाय धमनीतील मेदाचा थर स्थिर राहून फुटत नाही, हा लाभ रक्ताच्या अहवालात दिसत नाही, आणि मला तोच मोठा वाटतो.

उत्तर २: ॲस्पिरिनही परस्पर बंद करू नका, अगदी दात काढायचा असला तरी. ती रक्तातील बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही. ती थांबवल्यास स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. त्यांच्या पोटऱ्या दुखतात, त्याचे काय?

उत्तर १: ते डॉक्टरांना जरूर सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येते. लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.