घरातला लढाईवर गेलेला माणूस : तुम्ही कसा शोधला?

कपाशीवाला
पोराच्या जात पडताळणीसाठी पणजोबांच्या कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकला काढल्या. त्यात पोराचं नाव नसतंच, नुसतं 'अमक्यास मुलगा झाला'. असे मुलगे मोजले तर चार. आम्हाला आजोबा धरून तीनच ठाऊक. बाबांना विचारलं तर बशीतला चहा फुंकत म्हणे, "एक लढाईवर गेल्ता ना. बर्मात मेला म्हणत." नाव? "धाकला म्हणत सारे." अखजीला (अक्षय तृतीयेला) आई पितरांची एक घागर जास्त का भरते ते आता कळलं. तिलाही नाव माहीत नाही, सासूनं सांगितलं म्हणून भरते. तुमच्याकडे होतं का असं कोणी?

बांधावरून
काहून नसन! आमचा मोठा आबा, १९६२. तार आली तवा गावात इंग्रजी वाचणारे एकटे मास्तर, ते बाजाराला गेलेले. संध्याकाळलोक तार आजीच्या पदरात बांधलेली. बाकी मंग लिहितो, लाइन गेली.

पुसदची सून
कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांच्या कबरी, स्मारकं सांभाळतं. त्यांच्या साइटवर फुकट शोधता येतं, ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे. नाव माहीत नसलं तर गावावरून जा. बापाचं नाव, गाव बरेचदा असतं, पण स्पेलिंग साहेबाच्या कानाचं. यवतमाळ तेव्हा 'येवतमाळ' लिहीत. आमच्या आजेसासऱ्यांचा भाऊ असाच गवसला, रंगूनच्या स्मारकावर. कबर नसलेल्या जवळपास २७,००० जणांची नावं आहेत तिथं. प्रिंट काढून देव्हाऱ्याजवळ लावली. सासूबाई रोज कुंकू लावतात, बापाचं नाव पुसत आलं आता.

ठेचाभाकर
नशीबवान आहा. आमचे खापरपणजोबा पहिल्या लढाईत बसऱ्याकडे गेले. तिथल्या स्मारकावर आपल्या पलटणींतल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा नुसता आकडा. तुमच्या कोतवाल बुकासारखंच.

वर्धेचा_पोट्टा
कपाशीवाले, चौथ्याचे वारस निघाले तर वाटणी पुन्हा करा लागन हो!

कपाशीवाला
लग्नच नव्हतं झालं म्हणतात. अन् वाटायला उरलं काय लेका, पावणेदोन एकर.

भुलाबाई
नक्कल किती दिवसात भेटली? आमचं पान उंदरानं खाल्लं म्हणे.

वर्धेचा_पोट्टा
उंदीर बरोबर आपल्याच पानावर बसते.

पुसदची सून
बांधावरून, १९४७ नंतरचे दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर आहेत. आबांचं नाव बघा.

बांधावरून
आली लाइन. पाहिलं न, पुतण्यानं फोटो धाडला. पण ते स्मारक झालं २०१९ मध्ये. आजी कवाचीच गेली.

भुलाबाई
अखजीच्या घागरी केवढ्याले झाल्या तुमच्याकडे? आमच्या कुंभारानं भट्टीच बंद केली.

कपाशीवाला
सापडला बहुतेक. 'येवतमाळ' टाकूनच. बापाचं नाव जुळते, गावाच्या नावात एक अक्षर कमी. इथं लिहीत नाही, आधी बाबांना सांगतो.

पुसदची सून
मग? काय म्हणाले?

कपाशीवाला
भुईमुगाच्या जागलीला गेले. मोबाईल घरीच ठेवला. रानडुकरं लय झाली यंदा.