मदत हवी आहे: टाचेच्या रक्ताच्या तपासणीत 'स्किड' धरलेला असतो का?

शर्वरी_नाशिक: वहिनींची प्रसूती पुढच्या आठवड्यात आहे. रुग्णालयाने नवजात तपासणीचे जे पॅकेज सांगितले आहे, त्यात थायरॉइड आणि जी६पीडी (लाल रक्तपेशींतील एका विकराची कमतरता) आहेत, मात्र स्किडचा, म्हणजे जन्मजात गंभीर प्रतिकारशक्तिदोषाचा, उल्लेख नाही. ही तपासणी कोठे होते, एवढेच कृपया लवकर सांगावे.

अनिरुद्ध_के: अमेरिकेत विस्कॉन्सिनने २००८ मध्ये सर्व नवजातांसाठी ट्रेक चाचणी (टाचेच्या रक्तावरून संसर्गाशी लढणाऱ्या नव्या टी पेशी तयार होतात का, हे पाहणारी स्किडची तपासणी) सुरू केली आणि २०१८ अखेरपर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली. आपल्याकडे सरसकट तपासणी नाही. खासगी प्रयोगशाळेकडे ट्रेकची स्वतंत्र चौकशी करावी. पण नेमका याच आजाराचा प्रश्न का पडला? घरात कोणाला होता का?

मीनल_पुणे: आम्ही नाळेतील रक्त बँकेत साठवले आहे. तुम्हीही आताच नोंदणी करा, पुढे उपयोगी पडेल.

अनिरुद्ध_के: मीनलताई, बाळाला हा आजार असेल, तर त्याच्या स्वतःच्या नाळेतील पेशींतही तोच जनुकदोष असतो, त्यामुळे त्या त्याच्या कामी येत नाहीत.

शर्वरी_नाशिक: दादांचा पहिला मुलगा सहा महिन्यांचा असताना न्यूमोनियाने गेला. बीसीजीनंतर त्याच्या काखेत मोठी गाठ आली होती. डॉक्टरांनी शेवटी स्किडची शंका बोलून दाखवली, पण जनुकतपासणी झाली नाही.

डॉ_सुमेधा: ही माहिती सर्वांत आधी यायला हवी होती. पॅकेजचा विचार तूर्त बाजूला ठेवा. बीसीजी आणि तोंडावाटे द्यायचा पोलिओ डोस या दोन्ही जिवंत (कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या) लसी आपल्याकडे जन्मल्याबरोबर देतात. तपासणीचे निष्कर्ष येईपर्यंत त्या देऊ नयेत, अशी लेखी सूचना बालरोगतज्ज्ञांकडून प्रसूतीपूर्वीच केस पेपरवर करून घ्या. रोटाव्हायरसची लसही तोवर थांबवावी.

विलास_मिरज: साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पुरेसा आहे. लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) तीन हजारांच्या वर असले की चिंता नको.

डॉ_सुमेधा: विलासराव, कमी आकडा हा धोक्याचा इशारा असतो हे खरे, पण आकडा चांगला आला म्हणून आजार नाही असे ठरत नाही. टी, बी आणि एनके हे लिम्फोसाइटचे प्रकार आहेत; त्यांतील बी पेशी शाबूत असल्या किंवा आईच्या टी पेशी बाळाच्या रक्तात उतरल्या असल्या, तरी एकूण संख्या पुरेशी दिसू शकते. कुटुंबात असा इतिहास असताना सीबीसीबरोबर फ्लो सायटोमेट्रीने (पेशींचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या तपासणीने) टी, बी आणि एनके पेशी मोजायलाच हव्यात. परळला केईएमच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत या आजारांचे काम चालते. नमुना कधी आणि कसा पाठवायचा, हे बालरोगतज्ज्ञांमार्फत आजच विचारा. बाळाला रक्त द्यावे लागलेच, तर ते किरणोत्सर्ग दिलेलेच (दात्याच्या लिम्फोसाइट निष्प्रभ केलेलेच) असावे. निदान लवकर झाल्यास फार मोठा फरक पडतो: साडेतीन महिन्यांच्या आत मूळपेशी प्रत्यारोपण झालेल्या बालकांपैकी सुमारे ९४ टक्के बालके पाच वर्षांनंतर हयात असल्याचे अमेरिकेतील २०१४ च्या अभ्यासात आढळले.

मीनल_पुणे: पोटात मुलगी असेल तर धोका नाही ना?

डॉ_सुमेधा: एक्स गुणसूत्रावरचा प्रकार बहुधा मुलग्यांत दिसतो, मात्र इतर प्रकार मुलींनाही होतात. त्यामुळे मुलगी झाली तरी तपासणी करावीच.

शर्वरी_नाशिक: बालरोगतज्ज्ञांची उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. पहिल्या बाळाचे रक्ताचे जुने अहवाल दादांकडे आहेत. ते सोबत न्यावेत का?

डॉ_सुमेधा: अवश्य न्या, आणि त्यांतील लिम्फोसाइटचे आकडे त्यांना आवर्जून दाखवा.