प्रतिसाद : बिल्ल्याची मागची बाजू आधी पाहावी

सांगलीच्या जुन्या बाजारात मिळालेला, रेड्याचे मुख आणि वर मुकुट असलेला घोडदळ पोलिसांचा बिल्ला अस्सल आहे का आणि त्याची तुटलेली कडी नव्याने बसवावी का, असे आपण विचारले आहे. ते मुख रेड्याचे नसून बायसन या उत्तर अमेरिकेतील रानबैलाचे आहे आणि बिल्ला कॅनडाच्या घोडदळ पोलिसांच्या नमुन्याचा आहे. हे दल १८७३ साली स्थापन झाले, १९०४ मध्ये त्याच्या नावात ‘रॉयल’ आले आणि १९२० मध्ये ते ‘रॉयल कॅनेडियन’ झाले. त्यामुळे बिल्ल्याच्या दर्शनी पट्टीवरील दलाच्या नावाची अक्षरे नीट वाचली, तर काळाची पहिली मर्यादा तिथेच ठरते. मुकुटाच्या कमानी गोलाकार असतील तर बिल्ला साधारणपणे १९०१ ते १९५२ या राजांच्या काळातील, आणि मध्यभागी खोलगट असतील तर राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीतील मानावा.

परंतु माझ्या मते खरा पुरावा पाठीवर असतो. ठशावर दाबून घडवलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा खोलगट उलटा आकार उमटतो, तर ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, दाणेदार आणि बारीक छिद्रांची असते. टोपीच्या बिल्ल्याला तांब्याच्या तारेच्या दोन कड्या असून त्यांतून दुहेरी पिन ओवली जाते. काहींना कड्यांऐवजी टोपीत खोचायची उभी पट्टी असते. कडी तुटल्यावर उरलेला जुन्या डागाचा (धातूच्या जोडाचा) ठसा हा अस्सलपणाचा मोलाचा पुरावा आहे, म्हणून सोनाराकडून नवा डाग देऊन घेऊ नये आणि ब्रासोसारख्या धातूच्या पॉलिशने घासूही नये, ही कळकळीची विनंती. पाठीचे तिरप्या उजेडातील छायाचित्र येथे अवश्य द्यावे.