मदत हवी आहे : वि. स. खांडेकरांच्या चित्रपटलेखनाबद्दल

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, रामबागेजवळ राहते. पुढच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात मला खांडेकरांवर अर्धा तास बोलायचं आहे. 'ययाती' बहुतेकींनी वाचलेली आहे, १९७४ चं ज्ञानपीठही ठाऊक आहे. मला बोलायचंय ते पटकथाकार खांडेकरांवर. हा माणूस १९२० पासून शिरोड्यात शाळामास्तर होता, आणि तिथेच असताना १९३६ मध्ये दिग्दर्शक मास्टर विनायकांसाठी 'छाया' हा चित्रपट लिहिला! पुढे 'ज्वाला', 'देवता', 'अमृत'. त्यांच्या या बाजूबद्दल फार कमी बोललं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे डोक्यात आलं आईच्या ट्रंकेमुळे. दिवाळीची आवराआवर करताना तळाशी 'अमृत'ची गाण्यांची पुस्तिका सापडली. पिना गंजलेल्या, कागद हात लावला की तुटतोय, मागच्या पानावर आजोबांनी पेन्सिलीने मांडलेला दुधाचा हिशोब. आजोबांनी ती कुठून आणली, आईलाही माहीत नाही.

तर विचारायचं असं, की यातला एखादा चित्रपट आज कुठे बघायला मिळेल का? पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात बाहेरगावच्या माणसाने कसं विचारायचं? 'एका पानाची कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र मिळवते आहेच, पण चित्रपटांच्या दिवसांवर आणखी काय वाचू? इंदुरात कुणाकडे जुनी मासिकं असतील तर मी घरी येऊन वाचेन, नेणार नाही.

आणि हो, ती पुस्तिका आणखी फाटू नये म्हणून काय करू? सध्या वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवली आहे.