बाजार, पूल आणि काशीच्या राजाची विहीर

(आमचा घरचा ग्रुप, नाव 'गोतावळा'. आई-बाबा सध्या ताईकडे, इंग्लंडात रेडिंगला. शुक्रवार संध्याकाळपासून पुढे.)

आई: आज आम्ही दोघंच बसनं जाऊन बाजार करून आलो. गावाचं नाव वॉलिंगफर्ड. फोटो टाकतेय, थांबा.

आई: [फोटो]

आत्या: वहिनी, अळूचे देठ का हो हे? काय लालबुंद आहेत!

आई: मलाही तेच वाटलं. रुबार्ब म्हणतात. पानं कापून फक्त देठ ठेवलेले. मी त्या बाईला म्हटलं, पानं पण द्या की, वड्या करते. तिचे डोळेच पांढरे झाले. पानं विषारी असतात म्हणे! देठ तेवढे साखर घालून शिजवायचे.

मावशी: अक्का, जपून गं बाई. नको तिथं प्रयोग नकोत.

मामा: एवढं लाखभराचं तिकीट काढून भाजी आणायला गेलाय काय? भाऊजी, टॉवर ब्रिज बघितला का नाही?

बाबा: बघितला. त्याच्यापेक्षा इथला पूल आवडला. सविस्तर लिहितो.

मी: आला निबंध. सगळ्यांनी चहा ठेवा.

बाबा: ठेवा. गाव थेम्सच्या काठी, रेडिंग आणि ऑक्सफर्डच्या मध्ये. पूल दगडी, मध्ययुगातला, जवळजवळ ९०० फूट लांब. गंमत अशी की आज नदी त्यातल्या मोजक्याच कमानींखालून वाहत होती, बाकी कमानी हिरव्यागार गवतात उभ्या. बघणाऱ्याला वाटेल, दगड जास्त झाले होते का? पण पूर आला की नदी त्या अख्ख्या कुरणात पसरते आणि तेव्हा या कोरड्या कमानी पाण्याला वाट देतात. तिथं भराव घातला असता तर पाणी मागं तुंबलं असतं. एवढं करूनही १८०९ च्या पुरात पुलाचं नुकसान झालंच, काही कमानी नव्यानं बांधाव्या लागल्या. मी पुलावर उभा होतो आणि डोळ्यापुढं आपला २०१९ चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलाची पट्टी ५७ फुटांच्या वर गेली होती, आठवतंय?

आत्या: नको आठवण काढू दादा. आमचा खालचा मजला अजून वास मारतो.

ताई: बाबा त्या पुलाखाली जाऊन कमानी मोजत होते म्हणे. आई वर उभी राहून हाका मारत होती. मोजणी शेवटपर्यंत जुळली नाही, प्रत्येक वेळी आकडा वेगळा.

बाबा: काही कमानी झाडीत आहेत, त्याला मी काय करणार.

मावशी: बाजार कसा असतो ते सांग ना अक्का. आपल्यासारखाच?

आई: आठवड्याचा बाजार, दर शुक्रवारी. मधल्या चौकात पाल ठोकतात. चीज, मासे, रोपं, पाव. चौकाच्या एका अंगाला टाउन हॉल आहे, १६७० चा. तो खांबांवर उभा आहे, खालचा मजला मोकळाच. पावसाची सर आली तशी मी तिथं जाऊन उभी राहिले. ओरडाओरडा अजिबात नाही गं. भाव पाटीवर लिहिलेला, मुकाट्यानं द्यायचा. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मामा: घासाघीस नाही तो बाजार कसला. दुकान म्हणा.

बाबा: बाजाराचं गाव ते जुनंच आहे रे. दुसऱ्या हेन्री राजानं ११५५ मध्ये गावाला सनद दिली. का दिली ते ऐक. त्याची आई मटिल्डा गादीवर हक्क सांगत होती आणि स्टीफन राजानं तिला ऑक्सफर्डच्या किल्ल्यात कोंडलं होतं. ११४२ चा डिसेंबर, सगळीकडं बर्फ. ती पांढरे झगे घालून चारदोन माणसांबरोबर रात्री निसटली, गोठलेली नदी ओलांडली आणि वॉलिंगफर्डच्या किल्ल्यात पोचली. किल्ला तिच्या बाजूचा होता, शेवटपर्यंत पडला नाही. पुढं ११५३ मध्ये तह झाला. स्टीफन जिवंत असेपर्यंत राजा, त्याच्यामागं तिचा मुलगा. त्या मुलानं गादीवर आल्यावर गावाचे उपकार फेडले.

मावशी: बाई गं! बर्फात पांढरा झगा. आपल्या पेटाऱ्यांच्या तोडीची आहे की.

मामा: तोड बिड काय नाही. पेटारे ते पेटारेच.

मी: आता किल्ला बघायला मिळतो का?

बाबा: भिंतीचे चार तुकडे आणि बाग. तिकडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूनं १६४६ पर्यंत लढला, म्हणजे साधारण आपल्या तोरण्याच्या सुमाराला. १६५२ मध्ये राजाला हरवणाऱ्या क्रॉमवेलच्या राजवटीनं पाडून टाकला. मला त्यापेक्षा मातीचा तट भारी वाटला. गावाला तीन बाजूंनी मातीचा उंच बांध, चौथ्या बाजूला नदी. नवव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड राजानं डेन लोकांच्या भीतीनं अशी गावं तटबंद केली, त्यातलं हे एक.

आई: त्या बांधावर बसूनच आम्ही दशम्या आणि चटणी खाल्ली. अकराशे वर्षांचा आहे हे खाऊन झाल्यावर कळलं. आधी माहीत असतं तर तेलाचा कागद तरी त्याच्यावर पसरला नसता.

मामा: मग एवढं मोठं गाव आणि मी कधी नाव ऐकलं नाही ते?

बाबा: कारण १४१६ मध्ये वरच्या अंगाला ॲबिंग्डनला पूल झाला. लंडन-ग्लॉस्टरची वाहतूक तिकडून वळली. त्याआधी प्लेगनं माणसं गेलेली होतीच. गाव बसलं.

मामा: म्हणजे बायपास झाला म्हणा की सरळ.

बाबा: बायपासच. रेल्वेनंही तेच केलं, मुख्य लाइन लांबून गेली. १८६६ मध्ये शेजारच्या चोल्सीहून एक फाटा आणला, तो पुढं वॉटलिंग्टनला न्यायचा होता, कधी नेलाच नाही. १९५९ मध्ये प्रवासी गाडी बंद. आता हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी ती गाडी चालवतात.

मावशी: भाऊजी, सगळं सांगितलंत आणि रहस्यकथावाली अगाथा ख्रिस्ती राहिली! ती तिथलीच ना? पॉयरोची पुस्तकं मी वाचनालयातून दोन-दोनदा आणलीत.

आई: अगं हो! तुझीच आठवण काढली. १९३४ पासून तिचं घर होतं तिथं, विंटरब्रुकला. गावाच्या टोकालाच. १९७६ मध्ये तिथंच गेली. चोल्सीच्या चर्चच्या आवारात पुरलंय. घरात आता लोक राहतात, बाहेरूनच बघायचं. पण २०२३ मध्ये तिचा पितळी पुतळा बसवलाय, बाकावर बसलेली, हातात पुस्तक. शेजारची जागा रिकामी ठेवलीय. मी बसले. फोटो यांनी काढला त्यात माझं डोकं नाही.

मी: पुढच्या कादंबरीची सुरुवात झाली म्हणायची.

मावशी: 😂😂 ब्राँझ असेल अक्का, पितळ नसेल.

आई: तेच ते.

(रविवार, रात्री)

बाबा: [फोटो] ओळखा कुठे काढलाय.

आत्या: देऊळ दिसतंय. वर घुमट, आत सोन्याचा हत्ती. लंडनचं मंदिर?

मामा: राजस्थान. जुना फोटो आहे.

बाबा: वॉलिंगफर्डपासून गाडीनं थोडक्या अंतरावर स्टोक रो नावाचं खेडं आहे, तिथली विहीर. काशीच्या महाराजांनी दिलेली.

मामा: भाऊजी, फॉरवर्ड तपासून टाकत चला. काशीचा राजा इंग्लंडात कशाला विहीर खणेल?

ताई: मामा, मी स्वतः गाडी चालवत नेलंय त्यांना. घुमटाच्या कडेनं गोल लिहिलंय की बनारसच्या महाराजांनी ही विहीर दिली.

बाबा: तो भाग चिल्टर्न टेकड्यांचा, सगळा खडूचा दगड. पाऊस पडला की थेट खाली झिरपतो, वर ओढा नाही, झरा नाही. लोक डबक्यातलं पाणी प्यायचे. एडवर्ड रीड नावाचा त्याच भागातला माणूस आपल्याकडं कंपनीचा अधिकारी होता. त्यानं आझमगढला विहीर खणून दिली होती. महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह त्याच्या ओळखीचे. बोलता बोलता त्यानं सांगितलं की आमच्या गावाकडंही पाण्याचे असेच हाल आहेत. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. विहीर ३६८ फूट खोल, रुंदी फक्त ४ फूट. माणसांनी हातानं खणलेली! लंडनच्या सेंट पॉल चर्चचा घुमट जमिनीपासून शेंड्यापर्यंत आत उभा केला तर शेंडासुद्धा बाहेर येणार नाही. रहाटाचं काम वॉलिंगफर्डच्याच वाइल्डर यांच्या ओतशाळेचं. २४ मे १८६४ ला, राणीच्या वाढदिवशी सुरू केली.

मामा: बघा! राणीचा वाढदिवस. ५७ सालानंतर साहेबाला खूश ठेवायची धडपड, दुसरं काय. पैसा काशीच्या रयतेचा, पाणी इंग्लंडला.

मी: मामाचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही बाबा.

बाबा: नाही म्हणतच नाही. राजकारण असणारच. पण पाणी फुकट होतं, कुणालाही. देखभालीसाठी शेजारी चेरीची बाग लावून दिली, राखणदाराला एक छोटं अष्टकोनी घर. सत्तरएक वर्षं गाव त्यावर जगलं. नुसता पुतळा उभारूनही साहेब खूश झाला असता.

आई: मला एकच गोष्ट लागली. त्या रीडनं महाराजांना सांगितलं होतं की त्याच्या गावाकडं एका पोराला मार बसला, घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून.

आई: मी तिथं वाकून आत बघितलं. काळंभोर. मला आटपाडीचा आड आठवला.

(मामा टाइप करत आहे, थांबतो, पुन्हा टाइप करतो.)

मामा: बहात्तरला मीही खाल्लाय तो मार. अक्काच्या हातचा.

आई: तू प्यायला नव्हतास. कळशी सांडली होतीस. दोन मैलांवरून आणलेली.

मामा: पाय घसरला होता गं माझा.

आई: माहितीय रे. तेव्हाही माहीत होतं.

मावशी: मी त्या दिवशी दोघांना रडताना बघितलंय. अक्का परसात, हा दारात.

आत्या: वहिनी, फोटो पुन्हा टाका ना, हत्तीचा जवळून.

ताई: टाकते. आई आता स्वयंपाकघरात आहे. त्या रुबार्बमध्ये गूळ, मेथ्या आणि तिखट घालून मेथांबा केलाय. घरभर वास सुटलाय.

मामा: जमलाय का?

ताई: बाबांनी तिसऱ्यांदा घेतला.

मामा: मग येताना बाटलीभर आणा. पानं तिकडंच ठेवा.