चरित्र वाचताना कुठे अडलात? नाशिककरांचे अनुभव

गोदाकाठची

चरित्र-आत्मचरित्रांवर बोलायला नाशिकमध्ये निमित्त लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म इथल्या जलालपूरचा, न्यायमूर्ती रानडे निफाडला जन्मले, सावरकरांचं भगूर आणि लोकशाहीर वामनदादा कर्डकांचं देशवंडी एसटीच्या टप्प्यात. तरी गप्पा सुरू झाल्या की 'छान आहे, जरूर वाचा' इथेच संपतात. म्हणून हा धागा. पुस्तकाचा सारांश नको, तो मलपृष्ठावर असतोच. वाचताना कुठे अडलात, कोणावर विश्वास बसला नाही, कोणाचं आयुष्य वाचून घरात वाद झाला, ते लिहा.

माझं मत आधीच सांगून टाकते. लेखक स्वतःबद्दल काय सांगतो ते मी फारसं मनावर घेत नाही. घरातल्या माणसांबद्दल कसं लिहितो, त्यावरून त्याची पारख करते. पटत नसेल तर भांडा. भगूरच्या सावरकरांवर मात्र वेगळा धागा काढू, नाहीतर बाकी कोणाचा नंबर लागायचा नाही.

मास्तरीणबाई, पंचवटी

नोकरीभर मराठी शिकवलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रातला, 'स्मृतिचित्रे'तला उतारा वर्गात वाचला की मुलं हसणार हे ठरलेलं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचं वेड, त्यांचे पती कवी ना. वा. टिळक यांचा लहरीपणा, सगळं खुसखुशीत. पण विनोदी उताऱ्यात जे येत नाही, ते घरी बसून वाचावं लागतं. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही, आणि ज्या नातेवाइकांत राहायचं तिथे लोकांच्या नजरा. हे दिवस त्यांनी रडगाणं न गाता लिहिलेत. पुढे त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्याच्या मागून फरफटत नाही. जातिभेद माणसांनीच केलेले आहेत हे मनाला पटलं, तेव्हा झाल्या.

तुमची कसोटी मला मान्य आहे. टिळक गेले १९१९ मध्ये आणि पुस्तकाचा पहिला भाग आला १९३४ मध्ये. एवढ्या वर्षांत बहुतेक बायका नवऱ्याच्या फोटोला हार घालून त्याचा देव करून टाकतात. ह्या बाई त्यांच्यावर रागावतात, त्यांना हसतात, त्यांची काळजी करतात. त्यांना देव करत नाहीत आणि खलनायकही करत नाहीत. मला मराठीत दुसरं असं पुस्तक चटकन आठवत नाही. तुम्हाला आठवलं तर सांगा, मी भांडायला तयार आहे.

अभ्यासिकेतला

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. आमच्या अभ्यासिकेत दर टेबलावर एक तरी अधिकाऱ्याचं आत्मकथन सापडेल. गरिबी, कंदील, पहिल्यांदा नापास, आईचे शब्द, मग यादीत नाव. सुरुवातीला वाचून अंगावर काटा यायचा, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अभ्यास व्हायचा. आता तेवढं होत नाही. कारण शेजारी बसणारा दादा तितकाच गरीब, तितकाच कष्टाळू, पण त्याचं वय संपलं आणि तो गावी द्राक्षाच्या बागेवर परत गेला. त्याच्यावर पुस्तक कोण काढणार? जो पास झाला त्यानेच लिहायचं असेल, तर कष्ट केले की यश मिळतं हेच दरवेळी सिद्ध होणार. तरी ही पुस्तकं वाचू नका असं म्हणणार नाही. वाईट दिवशी कामाला येतात.

डीटीपीवाला, रविवार कारंजा

मी पुस्तकं वाचण्यापेक्षा टाईप जास्त केलीत. आमच्याकडे नावाजलेल्या लेखकांची कामं येत नाहीत. येतात ती पंचाहत्तरीची, सहस्रचंद्रदर्शनाची, निवृत्तीच्या समारंभाची पुस्तकं. शे-दोनशे प्रती काढायच्या आणि जेवणं झाली की पाहुण्यांना पिशवीतून वाटायच्या. लेखक कोण, तर शिक्षक, तलाठी, सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतले साहेब, एखादे बागायतदार. हाताने लिहिलेली वही येते. कधी जुन्या डायरीच्या उरलेल्या पानांवर असतं, एकदा तर सगळं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर होतं.

पहिलं प्रूफ लेखकाच्या हातात जातं. ते आजोबा ऱ्हस्व-दीर्घ तपासून परत देतात. दुसरं प्रूफ येतं तेव्हा त्यावरची लाल शाई दुसऱ्याच हाताची असते. मुलाची, सुनेची, कधी जावयाची. काय कापलं जाणार हे आता मला पाठ आहे. सगळ्यात आधी जातं वाटणीचं प्रकरण. मग भावाशी धरलेला अबोला. मग पहिली बायको, असली तर. कर्ज राहतं, कारण ते फिटलेलं असतं. गरिबी तर राहतेच, उलट वाढते. पहिल्या प्रुफात दोन मैल चालून शाळेत जाणारे गृहस्थ दुसऱ्या प्रुफात चार मैल चालतात.

सिन्नरकडच्या एका आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळावर लिहिलं होतं. फार चांगलं लिहिलं होतं, मी टाईप करताना थांबून परत वाचलं. दोघं नवरा-बायको खडी फोडायला जायचे. मिलोच्या लाल भाकरी, मुलांना मिळणारी सुकडी, हजेरीवरच्या मुकादमाची नजर, बायकोच्या हाताला आलेले फोड आणि ती ते कसे पदराने झाकायची, सगळं होतं. मुलाने ते पूर्ण पान कापलं. म्हणाला, नवे सोयरे येणार आहेत, त्यांच्या हातात हे नको. आजोबा दोन दिवसांनी एकटेच दुकानात आले आणि म्हणाले, माझ्यापुरत्या पाच प्रती वेगळ्या काढ, त्यात ते पान राहू दे. काढून दिल्या. कोणाला वाटल्या ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यामुळे कुठलंही आत्मचरित्र हातात आलं, कितीही मोठ्या माणसाचं असो, की माझ्या मनात एकच प्रश्न येतो. ह्याचं दुसरं प्रूफ कोणी पाहिलं?

गोदाकाठची

दादा, हा प्रश्न मी उसना घेतेय. पुढच्यांनी त्याचंही उत्तर द्या.

दिंडोरी रोडची लेक

मी देते. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'चं दुसरं प्रूफ घरच्या कोणी पाहिलं नाही, कारण त्या लिहितायत हेच घरात माहीत नव्हतं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. सामान बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या आणि गल्ल्यावर बसून लिहायच्या. लिहिलेले कागद नवऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून वर्षानुवर्षं लपवून ठेवले. हे कळल्यावर मी पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं. दुसऱ्या वाचनात एक गोष्ट ठळक दिसली. गावाने केलेला छळ त्या लिहितातच, पण आपल्याच वस्तीतल्या सासवा आणि नवरे सुनांचे कसे हाल करायचे तेही लिहितात. घरच्या कोणी आधी वाचलं असतं तर हे छापून आलं असतं का?

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं तेव्हा आमच्या घरातही वाद झाला होता, असं वडील सांगायचे. शिकलेल्या, नोकरी लागलेल्या मंडळींना वाटलं, उकिरड्यावरचं कशाला उकरून दाखवायचं? मी सासूबाईंना त्यातली काही पानं मोठ्याने वाचून दाखवली. त्या ऐकत होत्या, मधेच म्हणाल्या, 'बास कर. आम्हाला काय हे पुस्तकातून कळायचंय?' मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, ज्याने ते भोगलंय त्याच्यावर ते वाचायची सक्ती नको. ते दुसऱ्यांनी वाचावं.

आणखी एक. माझे आजोबा काळारामाच्या सत्याग्रहात होते असं घरात सांगतात. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालू राहिला. सत्याग्रहातले पुढारी दादासाहेब गायकवाड यांच्यावर लिहिलेलं वाचायला मिळतं, पण जे नुसते रांगेत उभे राहिले, रामकुंडावर मार खाऊन परत दुसऱ्या दिवशी गेले, त्यांच्या आठवणी तोंडीच राहिल्या. आजोबांना लिहिता येत नव्हतं. कोणी विचारून लिहूनही घेतलं नाही. ओझरच्या जाधवांचं म्हणून मला अप्रूप वाटतं. त्यांच्या मुलाने, नरेंद्र जाधवांनी, वडिलांच्या मागे लागून त्यांना स्वतःच्या आठवणी लिहायला लावल्या, आणि त्यातून 'आमचा बाप आन् आम्ही' झालं.

वाचनालयात काम करते

आमच्या वर्गणीदारांपैकी पुष्कळजण 'चरित्र द्या' म्हणतात आणि चरित्रात्मक कादंबरी घेऊन जातात. नेऊ देत, वाचतायत ना. पण मग परत करताना म्हणतात, 'ते तिला असं बोलले, ती त्यांना असं म्हणाली.' अहो, खोलीत तिसरं कोणी नव्हतं, ते लेखकाने लिहिलंय!

डॉक्टर आनंदीबाई जोशींचं घ्या. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या, १८८७ मध्ये पुण्यात वारल्या, बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत. बहुतेकांना त्या कादंबरी-नाटक-सिनेमातून माहीत. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं तेव्हा त्यांना ओळखणारी माणसं हयात होती, पत्रं हाताशी होती. ते वाचलं की त्यांचे पती गोपाळराव वेगळे दिसतात, आणि आनंदीबाई तर फारच वेगळ्या. पत्रातली मुलगी नवऱ्याला सुनावते. माझं ठाम मत आहे की पत्रं असतील तर आधी पत्रं वाचावीत. ती प्रुफाला जात नाहीत.

मास्तरीणबाई, पंचवटी

जातात हो. पत्रं निवडणाराही कोणीतरी असतोच की.

ओझरचा निवृत्त, एच. ए. एल.

मला अश्रूंची आत्मचरित्रं झेपत नाहीत, स्पष्ट सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे आडगावला साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर. तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत. मी त्यांना ऐकायला म्हणून गेलो होतो, तेव्हा राहिलेलं भरून काढायला 'चार नगरांतले माझे विश्व' आणलं. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. बायको म्हणाली, यात काहीच घडत नाही. घडतं की! वडील गणिताचे प्राध्यापक, केंब्रिजला फ्रेड हॉईलसारखा गुरू, १९७२ मध्ये तिकडचं सगळं सोडून मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेत येणं, मग पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणं. संस्था उभी करताना कोणाला पत्र लिहावं लागतं, कोणाकडे किती खेटे घालावे लागतात, हे कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला वाचायला आवडतं. भावना नाहीत असं म्हणणाऱ्यांनी त्यांचं वडिलांबद्दलचं लिखाण पुन्हा वाचावं.

दुसऱ्या प्रुफाबद्दल म्हणाल, तर ज्याला कशाची फुशारकी मारायची नाही त्याला कापाकापीही कमीच करावी लागत असणार.

निफाडचा कांदेवाला

रमाबाई रानड्यांच्या आठवणी आमच्या गावच्या सुनेच्या म्हणून वाचायला घेतल्या. न्यायमूर्तींची १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली, तेव्हाचा भाग येतो म्हणून उत्सुकता होती. पण मला पकडून ठेवलं ते त्यांच्या शिकण्याने. दिवसा घरातल्या बायकांची बोलणी खायची, रात्री नवऱ्यासमोर धडा म्हणायचा. बाईंनी नवऱ्याला जरा जास्तच मोठं केलंय, हे मान्य. पण घरातल्या बायकांनी त्यांना कसं छळलं ते लपवलेलं नाही, आणि पुस्तक आहे १९१० चं. आमच्या मिसेसने पण वाचलं. त्यांचं मत माझ्या उलट आहे, ते इथे लिहीत नाही.

प्रेसवाल्याची मुलगी, नाशिकरोड

डीटीपीवाले दादा, तुमचं वाचल्यापासून अस्वस्थ आहे. बाबा नोट प्रेसमध्ये होते. त्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही असंच पुस्तक काढलं आणि लाल पेन माझ्या हातात होतं. गेटवरच्या रोजच्या झडतीबद्दल त्यांनी दोन पानं लिहिली होती. दिवसभर पैशांच्या ढिगात काम करायचं आणि बाहेर पडताना अंग चाचपून घ्यायचं. सुरुवातीला किती लाज वाटायची, मग सवय कशी झाली, आणि निवृत्तीनंतर पहिल्या दिवशी घरातून बाहेर पडताना हात आपोआप वर कसे गेले. मी ते ठेवलं. काकांचं प्रकरण मात्र काढलं. मला आजही ते बरोबरच वाटतं. काका हयात आहेत, शेजारच्या गल्लीत राहतात, आणि त्यांना उत्तर द्यायला पुस्तक काढता येणार नव्हतं. लिहिणाऱ्याने खरं लिहावं हे ठीक, पण ज्याच्याबद्दल लिहिलं जातं त्याची बाजू कोण मांडणार?

दिंडोरी रोडची लेक

ताई, काकांना विचारलं होतंत का?

प्रेसवाल्याची मुलगी, नाशिकरोड

नाही.

अभ्यासिकेतला

कोणी वामनदादा कर्डकांबद्दल लिहिलं नाही? देशवंडीचे, आमच्या तालुक्यातले. जयंतीला गाणी सगळीकडे वाजतात, आयुष्य कोणाला धड सांगता येत नाही. त्यांच्यावरचं चांगलं पुस्तक कोणाकडे असेल तर वाचायला द्या, कव्हर घालून परत करीन.

वाचनालयात काम करते

शोधून ठेवते. ओळखपत्र घेऊन ये.

ओझरचा निवृत्त, एच. ए. एल.

डीटीपीवाले, माझ्याही डोक्यात बरेच दिवस आहे. साधारण शंभर पानं, फोटो आठ-दहा, दीडशे प्रती. अंदाजे काय खर्च येईल?

डीटीपीवाला, रविवार कारंजा

काका, आधी वही भरा, खर्चाचं नंतर बोलू. एका बाजूलाच लिहा आणि ओळींमध्ये जागा सोडा. आणि प्रूफ न्यायला स्वतः या, मुलाला पाठवू नका. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.