मदत हवी आहे: ऊसतोडीवरून आलेली पोरं जूनमध्ये पहिलीत बसणार, हातात दीड-दोन महिने आहेत, काय आणि कसं करू?

नमस्कार मंडळी,

पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या एका गावात राहते. डीएड झालंय पण नोकरी नाही, गावातल्या बायकांचं एक छोटं मंडळ आहे त्यात पाच वर्षांपासून काम करते. मंडळ रजिस्टर आहे, पैसा मात्र वर्गणीतून जमेल तेवढाच. गावाला लागून बंजारा तांडा आहे, तिथली बहुतेक घरं दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन तोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत. शाळेत जाणाऱ्या मोठ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, ती आजी-आजोबांजवळ गावात राहतात, पण तीन ते सहा वयाची आईबापाबरोबरच जातात कारण एवढ्या लहान लेकराला मागं कोण सांभाळणार. म्हणजे दरवर्षी अंगणवाडीचं निम्मं वर्ष उसाच्या फडात आणि कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, जातं आणि मग जूनमध्ये एकदम पहिलीचा वर्ग.

यंदा अशी १९ पोरं आहेत. आम्ही सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर पत्र्याचं शेड आहे तिथं सकाळी ८ ते १० वर्ग सुरू केलाय, दहानंतर पत्रा तापतो, बसवत नाही. दहा दिवस झाले आणि मी गोंधळलेय.

एक मुलगी आहे, पावणेसहा वर्षांची. पहिले तीन दिवस तोंडातून शब्द नाही. चौथ्या दिवशी मी चित्राचं कार्ड दाखवलं, भाकरीचं, हे काय गं म्हटलं तर हळूच "बाटी" म्हणाली. गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, भाकरीला बाटीच म्हणतात. पण आमच्यातल्याच एक ताई पटकन बोलून गेल्या, "बाटी नाही, भाकरी म्हण." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पोरीनं मान खाली घातली ती दोन दिवस वर केली नाही. आणि तीच पोरगी सुट्टी झाल्यावर शेडच्या मागं बसून वाळक्या काड्या गोळा करत होती, सारख्या लांबीच्या वेगळ्या काढून, दहा-दहाच्या मोळ्या करून, गवताची पेंडी पिळून नीट बांधत होती, आई फडात बांधते तशी. मी मोजल्या, एकाही मोळीत नऊ नव्हत्या की अकरा नव्हत्या. हिला पाटीवर खडू दिला तर मुठीत धरते आणि खडू मोडतो. शाळेत तिला पहिल्या आठवड्यात "काहीच येत नाही" असं म्हणतील हे मला आत्ताच दिसतंय आणि खरं सांगते, झोप लागत नाही.

आयांचं म्हणणं एकच, मॅडम अ आ इ गिरवून घ्या, शंभरपर्यंत आकडे पाठ करून घ्या, आमचं तर आयुष्य कोयत्यात गेलं. त्यांची कळकळ मला समजते, त्यांना नाही कसं म्हणू. पण मुठीत खडू धरणाऱ्या पोराकडून पाटी गिरवून घेतली तर ते रडतं आणि दुसऱ्या दिवशी येत नाही, हेही बघितलंय.

तर ज्यांनी वस्तीवर, बांधकामाच्या साइटवर, पाड्यावर असं काम केलंय त्यांनी सांगा, दीड-दोन महिन्यात नेमकं कशावर जोर द्यावा? गोरमाटीचं काय करावं, मला ती कळते पण नीट बोलता येत नाही. आणि आयांना कसं बरोबर घ्यावं? साहित्य विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणजे दोन-तीन हजारात बसेल असंच सांगा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, मी बालवाडी शिक्षिकांचं ट्रेनिंग बरीच वर्षं घेतलंय, आता रिटायर आहे. पहिली गोष्ट, ती मोळी म्हणजेच तुमचा गणिताचा तास, वेगळं काही आणू नका. सारख्या लांबीच्या काड्या निवडणं म्हणजे वर्गीकरण, दहाची मोळी म्हणजे दशक, पहिली-दुसरीत काड्यांचे गठ्ठे करून शाळा हेच शिकवते. उद्या तिलाच पुढं बसवा आणि बाकीच्यांना शिकवू दे.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा गरीब वस्तीतली पोरं बालवाडीपर्यंत पोचत नव्हती, म्हणून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आलाय, सरकारची योजना १९७५ ची, तीस वर्षांनंतरची. पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. साहित्य काय, तर शंख, शिंपले, बिया, पानं, दगड. तेव्हा दोन-तीन हजाराचं टेन्शन घेऊ नका. चिंचोके, जुने पेपर, माती, एक दोरी. पैसे उरलेच तर चित्रांची गोष्टीची पुस्तकं घ्या आणि पोरांच्या हातात द्या, कपाटात नको. फाटली तर चिकटवू.

मुठीत खडू धरते कारण बोटांना तसलं बारीक काम मिळालेलं नाही. माती मळणं, कागद फाडणं, शेंगा सोलणं, बिया दोऱ्यात ओवणं, हे तीन आठवडे रोज करा, खडू आपोआप बोटात येतो. त्याआधी गिरवणं नको.

प्रतिसाद २

नमस्कार. मी राज्यातल्या शाळापूर्व तयारी अभियानात, "पहिले पाऊल" म्हणतात ते, गावात स्वयंसेवक होतो. २०२२ पासून महाराष्ट्रात सुरू आहे, सरकारी शाळा आणि प्रथम संस्था मिळून. तुमच्या शाळेत पण मेळावा झाला असणार, नसेल तर मुख्याध्यापकांना भेटाच. एप्रिलमध्ये पहिला मेळावा, जूनमध्ये दुसरा आणि मधल्या आठवड्यात आयांचे गट. मेळाव्यात सात स्टॉल असतात, नावनोंदणी, मग उड्या मारणं रेषेवरून चालणं, मग वस्तू वेगळ्या करणं, मग भाषा, मोजणं वगैरे, आणि प्रत्येक पोराच्या विकासपत्रावर काय जमलं ते लिहितात. तुमचा आयांचा प्रश्न मला वाटतं इथंच सुटतो. आईला समोर बसवून दाखवायचं की बघा हिला चित्र बघून गोष्ट सांगता येते, वस्तू मोजता येतात, आणि हेच वाचायच्या आधीचं काम आहे. नुसतं तोंडी समजावून पटत नाही, आमच्याकडं नाही पटलं, स्टॉलवर स्वतःचं पोर बघितल्यावर पटलं.

आयांचे पाच-सहा जणींचे गट करा, आठवड्याला एकच कृती द्या, घरात होईल अशी. कांदे-बटाटे वेगळे करून ठेव, ताटं मोजून मांड, आज काय काय केलं ते सांग. ज्यांना वाचता येत नाही त्यांना व्हॉइस मेसेज पाठवा.

जागेचं म्हणाल तर प्रथमनं १९९५ साली मुंबईत बालवाड्या सुरू केल्या त्या पण देवळात, कुणाच्या घरात, मिळेल तिथंच भरायच्या आणि शिकवायला वस्तीतल्याच मुली. तुमचं शेड बेस्ट आहे.

प्रतिसाद ३

ताई मी स्वतः तांड्यावरचा, परळीकडचा. आईबाप तोडीला जायचे, मी पहिलीत असाच गप्प बसलो होतो, गुरुजींना वाटायचं मला ऐकू येत नाही. मला सगळं ऐकू यायचं, पण "याडी" म्हटलं की पोरं हसायची म्हणून बोलायचोच नाही. घरी सांगायला लाज वाटायची. दुसरीत एक बाई आल्या, त्यांनी मला विचारलं तुमच्यात आईला काय म्हणतात, आणि फळ्यावर लिहिलं. याडी. माझा शब्द फळ्यावर. मी त्या दिवशी घरी जाऊन याडीला सांगितलं.

तुम्हाला गोरमाटी बोलता येत नाही तर तांड्यावरची दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी बरोबर घ्या, वर्गणीतून थोडं मानधन तिला द्या, पुस्तकापेक्षा हे आधी. गोष्ट तिनं गोरमाटीत सांगायची, मग तुम्ही तीच मराठीत, तीच चित्रं दाखवून. एखादी आजी लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, म्हणत असेल तर तिलाही बोलवा. आणि बाटी ला हो म्हणा, मग म्हणा, मी हिला भाकरी म्हणते. दोन्ही.

प्रतिसाद ४

मी अंगणवाडी सेविका आहे. बाकीच्यांनी चांगलं सांगितलंच, मी दोन गोष्टी सांगते ज्या कुणी सांगत नाही. पहिलीतलं पोर जास्त करून रडतं ते संडासला जायचं सांगता येत नाही म्हणून. पोरांना शाळा उघडायच्या आधीच शाळेत घेऊन जा, संडास दाखवा, कडी लावायला काढायला शिकवा, नळ दाखवा, डबा उघडायला शिकवा. "मला जायचंय" हे मोठ्यानं बोलायची प्रॅक्टिस घ्या, गोरमाटीत आणि मराठीत.

आणि दिवाळीत जी धाकटी भावंडं परत जाणार त्यांचं आत्ताच बघा. निघायच्या आधी घरच्यांनी सेविकेला कळवलं तर स्थलांतराची नोंद ॲपमध्ये होते, तिकडं कारखान्याजवळच्या अंगणवाडीत आहार, लसीकरण मिळायला सोपं जातं. न सांगता गेले की आम्हाला पण शोधता येत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रतिसाद ३ वाचून तर खूप वेळ काही लिहिता आलं नाही दादा.

आठ दिवसांनी लिहितेय. तांड्यावरची बारावी झालेली एक मुलगी कालपासून यायला लागली. काल तिनं कोल्ह्याची गोष्ट गोरमाटीत सांगितली आणि १९ च्या १९ पोरं तिच्याकडं सरकून बसली, मी पहिल्यांदाच बघितलं. पाट्या तीन आठवडे बंद, आयांना रविवारी बोलावलंय, तिथं मोळीचा स्टॉल ती बाटी म्हणणारी पोरगीच चालवणार आहे. आज सुट्टी झाल्यावर तिनं मला हात धरून शेडच्या मागं नेलं आणि तिच्या मोळ्या दाखवल्या, एक-एक करून, मोजत, आवाज बारीक होता पण मोजत होती. सात मराठीत झाल्या, पुढच्या गोरमाटीत.

सेविकाताई, शाळा दाखवायला मुख्याध्यापक हो म्हणालेत पण सुट्टीत संडासला कुलूप असतं, किल्ली शिपायाकडं आणि शिपाई गावाला. मधल्या काळात कडीची प्रॅक्टिस कशावर घेऊ? मंदिराच्या खोलीला साधी कडी आहे, ती चालेल का, की शाळेसारखी सरकवायची लागेल?